माणूस हवा, बिऱ्हाड नको

२०२४ च्या जानेवारीत कुवेतने परदेशी कामगारांच्या कुटुंबांसाठी व्हिसा देणे पुन्हा सुरू केले. त्याआधी बराच काळ ते बंदच होते. सुरू करताना अट घातली: महिना आठशे दिनार पगार आणि विद्यापीठाची पदवी. पदवीची अट काही महिन्यांत गळाली, आठशे दिनार मात्र राहिले. गवंडी, ड्रायव्हर, हॉटेलातला वाढपी, सफाई कामगार यांच्यापैकी कुणाच्याही पगाराच्या आसपास हा आकडा येत नाही. नकारच तो, फक्त आकड्यात लिहिलेला. संयुक्त अरब अमिरातीत हाच दर चार हजार दिरहम, किंवा तीन हजार आणि मालकाने दिलेले घर. सिंगापुरात सहा हजार सिंगापूर डॉलर. ब्रिटनमध्ये तर स्वतःच्या नागरिकालाही परदेशी नवरा किंवा बायको आणायची असेल तर २०२४ च्या एप्रिलपासून वर्षाला २९,००० पौंडांची कमाई दाखवावी लागते. त्याआधी १८,६०० पुरत होते.

परदेशी नोकरीबद्दल आपण बोलतो तेव्हा व्हिसा मिळाला की नाही, एजंटाने किती घेतले, पगार किती, एवढ्यावर गप्पा संपतात. मला वाटते खरी विभागणी त्याच्या पुढे सुरू होते. परदेशात राबणाऱ्यांचे दोन वर्ग आहेत: ज्यांना बिऱ्हाड मांडता येते ते आणि ज्यांना येत नाही ते. त्यांच्यामधली रेघ पगाराच्या चिठ्ठीवर ओढलेली आहे. दुबईतल्या बँकेत काम करणारा पुणेकर आणि त्याच बँकेच्या इमारतीचा गिलावा करणारा मंडणगडचा माणूस एकाच विमानातून उतरतात. पहिल्याच्या मुलाचे नाव सहा महिन्यांत तिथल्या शाळेत घातले जाते. दुसरा आपल्या मुलाला मोबाईलवर वाढताना पाहतो. कायद्याच्या भाषेत दोघेही परदेशी आणि दोघेही करारावर, त्यामुळे हा फरक कुणाला टोचत नाही. पगार जास्त म्हणून घर मोठे, गाडी मोठी, हे समजू शकते. पण पगार जास्त म्हणून बायको-मुलांसोबत राहण्याचा हक्क, हे आपण इतक्या सहज कसे मान्य केले?

उत्तर अर्थातच तयार असते. कमी पगाराच्या माणसाने कुटुंब आणले तर ते पोसायचे कुणी? शाळा, दवाखाने, घरे यांच्यावर ताण येणार. हा मुद्दा पोकळ नाही. पण त्याची दुसरी बाजू हिशेबात धरली जात नाही. कामगार एकटा येतो तेव्हा त्याच्या कुटुंबाचा खर्च नाहीसा होत नाही, तो दुसरीकडे टाकला जातो. त्याला अठरा-वीस वर्षे वाढवले कुणी? आजारी पडल्यावर तो परत कुठे जाणार? त्याची मुले शिकणार कुठे, त्याचे आईबाप कोण सांभाळणार? हे सगळे खेडच्या, दापोलीच्या, श्रीवर्धनच्या एखाद्या घरात, बहुतेक करून एका बाईच्या अंगावर पडते. कामाला लागेल तेवढे वय तिकडे आणि उरलेले बालपण-म्हातारपण इकडे, अशी ही वाटणी आहे. म्हणजे स्वस्त मजुरीला अनुदान आहे, आणि ते आपण देतो आहोत.

मराठी माणसाला ही व्यवस्था नवी नाही. मुंबईच्या गिरण्या जवळजवळ शंभर वर्षे याच हिशेबावर चालल्या. १९२१ च्या सुमाराला मुंबईत बायकांची संख्या पुरुषांच्या साधारण निम्मी होती. बाकीच्या बायका कोकणात आणि घाटावर शेती, गुरे, सासू-सासरे आणि पोरे सांभाळत होत्या. गिरणगावातल्या एका खोलीत पाळीपाळीने झोपणारे गाळेकरी, त्यांना जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या, महिन्याची मनीऑर्डर, शिमग्याला आणि गणपतीला घरी जाणे, हे सगळे आपण पुढे साहित्यात आणि नाटकात हळवे करून टाकले. अण्णा भाऊ साठ्यांची 'माझी मैना' आजही लोक ऐकतात, ती याच ताटातुटीवर उभी आहे. पण हळवेपण बाजूला ठेवून हिशेब पाहिला तर गिरणीमालकाला कामगाराच्या कुटुंबाला पुरेल एवढा पगार कधी द्यावाच लागला नाही. त्याचे अर्धे घर गाव चालवत होते. १९८२ चा संप इतका लांबला त्याचेही एक कारण गावच होते. हजारो कामगार सरळ घरी गेले आणि नाचणी-भातावर दिवस काढू लागले. शंभर वर्षे मालकाची बचत करणारा गावाचा तोच टेकू त्या वर्षी कामगाराच्या बाजूने उभा राहिला, एवढाच फरक.

या एकट्या पुरुषांच्या स्थलांतराची खूण अजून आकड्यांत दिसते. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया होत्या. त्या जास्त जन्मल्या असे नाही. पुरुष बाहेर आहेत, आधी फक्त मुंबईत होते, आता मस्कतलाही आहेत.

पण कुटुंब बरोबर असणे म्हणजे आपोआप सुख, असेही म्हणता येणार नाही, आणि त्याचा दाखला महाराष्ट्रातच आहे. बीडचा ऊसतोड मजूर एकटा जात नाही. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो, उचलही जोडीला मिळते. पोरे मागे ठेवायला कुणी नसेल तर तीही बैलगाडीवर बसतात आणि फडाच्या कडेला सहा महिने शाळा बुडवतात. इथे मुकादमाला आणि कारखान्याला बायको हवी असते, कारण तोडणाऱ्याच्या मागे मोळी बांधणारे हात लागतात. गिरणीला पुरुष एकटा परवडत होता, म्हणून बाई गावी राहिली. उसाला जोडी परवडते, म्हणून बाई फडात आली. दोन्हीकडे कुटुंबाने कुठे राहायचे हे कुटुंबाने ठरवलेले नाही. परदेशी व्हिसाचा प्रश्न मला या ओळीतला वाटतो. 'बायकोला न्या' किंवा 'नेऊ नका' असा सल्ला देण्याचा हा विषय नाही. तो निर्णय कुणाच्या हातात आहे, हे पाहण्याचा आहे.

एकोणिसाव्या शतकात गिरमिटिया, म्हणजे कराराने बांधलेले, मजूर मॉरिशसला आणि इतर मळेवाल्या वसाहतींना नेले जात होते तेव्हा, मळेवाल्यांची नाराजी असूनही, शंभर पुरुषांमागे चाळीस स्त्रिया जहाजावर असल्याच पाहिजेत असा नियम शेवटी स्थिरावला. तो दयेपोटी केलेला नव्हता. एकट्या पुरुषांच्या वस्त्यांत मारामाऱ्या आणि खून होतात, लोक टिकत नाहीत, हे साम्राज्याच्या कारभाऱ्यांना दिसले होते. रत्नागिरी-साताऱ्याकडून गेलेल्यांचे वंशज मॉरिशसमध्ये आजही मराठी म्हणून उभे आहेत त्यामागे तो नियमही आहे. गिरमिट ही गुलामगिरीची सख्खी बहीण होती, याबद्दल वाद नाही. तरी त्या व्यवस्थेलाही जे कळले ते आजच्या मजूर छावणीच्या करारात नाही. कतारमध्ये २०१० च्या कायद्याने कामगारांची घरे कुटुंबांच्या वस्तीत असायला बंदी केली. २०२४ च्या जूनमध्ये कुवेतमधल्या मंगाफला एका इमारतीला आग लागून पन्नासच्या आसपास माणसे मेली. त्यांतले बहुसंख्य भारतीय होते. त्या एका इमारतीत दीडशेहून जास्त पुरुष राहत होते. तिथे कुणाचे घर असणे अपेक्षितच नव्हते.

माणूस घ्यायचा आणि बिऱ्हाड टाळायचे, हा प्रयोग युरोपने आपल्या डोळ्यांदेखत केलेला आहे, आणि तो कसा फसला हे मुद्दाम सांगण्यासारखे आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर पश्चिम जर्मनीने इटली, स्पेन, ग्रीस, तुर्कस्तान असे करार करत कामगार आणले. तुर्कस्तानशी करार झाला १९६१ च्या ऑक्टोबरमध्ये. कल्पना अशी की दोन वर्षे काम करायचे, परत जायचे, मग दुसरा येईल. ती मोडली कुणी? कारखानदारांनी. शिकवून तयार केलेला माणूस दोन वर्षांनी घालवून नवा शिकवायचा हे त्यांना परवडेना, म्हणून १९६४ मध्ये तुर्कस्तानच्या करारातली मुदतीची अट काढली गेली. तरीही बहुतेक लोक जातच राहिले. १९७३ पर्यंत आलेल्या सुमारे एक कोटी चाळीस लाखांपैकी एक कोटी दहा लाखांच्या आसपास परत गेले. मग त्या वर्षीच्या नोव्हेंबरात, तेलसंकटाच्या दिवसांत, जर्मनीने भरती बंद केली. इथे खरी गंमत आहे. दार उघडे होते तोवर माणूस गावी जाऊन पुन्हा येऊ शकत होता. ते बंद होताच, एकदा गेलो तर परत येता येणार नाही, हे कळल्याने तो बसून राहिला आणि त्याने कुटुंब बोलावून घेतले. त्यात भर म्हणून १९७५ मध्ये सरकारने मायदेशी असलेल्या मुलांसाठीचा बालभत्ता जर्मनीतल्या मुलांपेक्षा कमी केला. पैसे वाचवायला काढलेला हा निर्णय बापांना मुले आणण्याचे आणखी एक कारण देऊन गेला. पुढे १९८३ मध्ये परत जाणाऱ्याला १०,५०० मार्क देऊ केले, तेव्हा उशीर झाला होता. आज जर्मनी ज्याला एकात्मीकरणाचा प्रश्न म्हणते त्यातला मोठा भाग त्या काळचा आहे, जेव्हा ही माणसे राहणारच नाहीत असे धरून त्यांच्या मुलांसाठी शाळांची तयारीच केली नव्हती.

फ्रान्सने जवळजवळ तेच केले, पण तिथे न्यायालय आडवे आले. तिथल्या सरकारने १९७७ मध्ये कामगारांची कुटुंबे येऊ द्यायची, पण त्यांना काम करू द्यायचे नाही, असा आदेश काढला. १९७८ च्या डिसेंबरात तिथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने तो रद्द केला. नेहमीचे कौटुंबिक जीवन जगण्याचा हक्क परदेशी माणसालाही आहे, आणि सरकारला तो सरसकट काढून घेता येत नाही, असे ते म्हणाले. आखातात, सिंगापुरात असे म्हणणारे न्यायालय नाही. १९९० चा संयुक्त राष्ट्रांचा स्थलांतरित कामगारांचा करार कुटुंबाच्या एकत्र येण्याबद्दल बोलतो, तोही 'राज्यांना योग्य वाटेल तसे' अशा सावध शब्दांत. तो २००३ पासून अमलात आहे, पण कामगार घेणाऱ्या बड्या देशांपैकी, मग ते पश्चिमेतले असोत वा आखातातले, कुणीही त्यावर सही केलेली नाही. कामगार पाठवणाऱ्या भारतानेही नाही. आपण तरी का करू नये, याचे समाधानकारक कारण मी अजून कुणाकडून ऐकलेले नाही.

ब्रिटनची गोष्ट वेगळ्या कारणासाठी बोधक आहे. तिथे संशय पैशावर थांबला नाही, लग्नावरच घेतला गेला. १९७९ च्या जानेवारीत हीथ्रो विमानतळावर लग्नासाठी आलेल्या एका भारतीय शिक्षिकेची कौमार्य तपासणी केली गेली. ती खरोखरच वाग्दत्त वधू आहे की आधीच कुणाची बायको, हे ठरवण्यासाठी. वर्तमानपत्राने ते उघड केल्यावर प्रकार थांबवावा लागला. पुढे १९८० पासून १९९७ पर्यंत एक नियम होता: लग्नाचा मुख्य हेतू ब्रिटनमध्ये शिरणे हा नाही, हे अर्जदाराने सिद्ध करायचे. ज्या समाजात लग्न घरचे लोक ठरवतात, पत्रिका पाहतात, मुलगा काय करतो आणि कुठे असतो हे विचारतात, तिथे 'तू या लग्नाला हो का म्हणालास?' या प्रश्नाचे अधिकाऱ्याला पटेल असे उत्तर कुणी द्यावे? १९८५ मध्ये तीन बायकांनी युरोपीय मानवाधिकार न्यायालयात खटला जिंकला. पुरुषांना बायका आणायला सोपे आणि बायकांना नवरे आणायला अवघड, हा लिंगभेद आहे, असा निकाल लागला. त्यावर ब्रिटनने भेद मिटवला तो असा: पुरुषांनाही बायका आणणे तितकेच अवघड करून टाकले. समानतेची अशी अंमलबजावणी करायला डोके लागते, हे मान्य केले पाहिजे.

गोव्याच्या वाचकाला ब्रिटनच्या या कायद्याची आणखी एक गंमत माहीत असेल. पोर्तुगीज पासपोर्ट काढून स्विंडनला गेलेला गोंयकार ब्रेक्झिटपूर्वी युरोपीय नागरिक म्हणून बायको, एकविसाच्या आतली मुले, एवढेच काय पण त्याच्यावर अवलंबून असलेले आईबापही आणू शकत होता. पगाराची किमान अट नव्हती. त्याच्या शेजारी राहणारा जन्माने इंग्रज असलेला माणूस भारतीय मुलीशी लग्न करून आला तर त्याला मात्र १८,६०० पौंड दाखवावे लागत. तिकडची कमाई मोजायची तीही फक्त त्याची. बायको इथे पुण्यात कितीही कमावत असली तरी ती धरत नसत, अजूनही धरत नाहीत. एकाच गल्लीत, एकाच गोदामात काम करणाऱ्या दोघांना दोन कायदे. गोंयकारांच्या बायका-मुलांनी ब्रिटन बुडवले असे काही दिसले नाही.

मग २०२४ चा मार्च आला. ब्रिटनला म्हाताऱ्यांची काळजी घेणारी माणसे कमी पडत होती म्हणून त्यांनी २०२२ मध्ये या कामासाठी व्हिसा खुला केला होता. भारत, नायजेरिया, झिंबाब्वे इथून माणसे गेली, आपल्याकडून केरळी परिचारिकांबरोबर मराठी मुली-मुलेही गेली, एजंटांना लाखांत पैसे मोजून. २०२३ च्या सप्टेंबरला संपलेल्या वर्षात एक लाख काळजीवाहू कामगारांबरोबर कुटुंबातले सुमारे एक लाख वीस हजार लोक आले, असे सरकारनेच सांगितले, आणि ११ मार्च २०२४ पासून या कामगारांना कुटुंब आणायला बंदी झाली. लोकांना वाटते ते एक लाख वीस हजार सरकारी खर्चावर बसून खात होते. व्हिसाच्या अटीतच लिहिलेले असते की सरकारी मदत मिळणार नाही, आणि जोडीदाराला काम करायची परवानगी होती. कित्येक नवरे-बायका त्याच क्षेत्रात, वेगवेगळ्या पाळ्यांत काम करत होत्या, म्हणजे एक घरी असताना दुसरा कामावर. या बंदीनंतर अर्ज झपाट्याने घसरले. २०२५ च्या जुलैत तर बाहेरून नवी भरतीच बंद झाली. सत्ता मध्यंतरी बदलली होती, धोरण बदलले नाही. दुसऱ्याच्या आईला अंघोळ घालायला माणूस हवा, पण त्याची मुले नकोत, ही मागणी दोन्ही पक्षांना सारखीच वाजवी वाटली.

या सगळ्यावर सर्वांत भक्कम आक्षेप राजकारण्यांचा नाही, मार्टिन रूस या अभ्यासकाचा आहे. २०१३ च्या 'द प्राइस ऑफ राइट्स' या पुस्तकात तो दाखवतो की जे देश परदेशी कामगारांना जास्त हक्क देतात ते कमी पगाराच्या कामगारांना कमी संख्येने घेतात. जे फारसे हक्क देत नाहीत, ते लाखोंनी घेतात. आखातात नव्वद लाखांच्या आसपास भारतीय आहेत, ते यामुळेच. कुटुंबाचा हक्क मागा, आणि कदाचित ती नोकरीच जाईल. खेडचा माणूस म्हणेल, बायको इथे राहू दे, पण मला जाऊ द्या. हे त्याने म्हणणे अगदी बरोबर आहे. मुंबईत बसून त्याच्यासाठी हक्क मागणारे आपण, त्याचा पगार बुडाला तर भरून देणार नाही. परदेशातून देशात येणाऱ्या पैशाचा, रिझर्व्ह बँकेच्या २०२३-२४ च्या पाहणीनुसार, सर्वांत मोठा वाटा, साडेवीस टक्के, महाराष्ट्रात येतो. त्यात अमेरिकेतून येणारे डॉलर खूप असतील, पण चिपळूण-महाडच्या घरांवरचे स्लॅबही आहेत.

रूसचा मुद्दा मी नाकारत नाही. पण त्याने मांडलेला सौदा काळाविना मांडलेला आहे असे मला वाटते. दोन वर्षे बायको-मुलांपासून दूर राहून कर्ज फेडणे हा सौदा आहे, आणि शहाणा माणूस तो करू शकतो. वीस वर्षे दूर राहणे हा सौदा नाही, ते आयुष्यच झाले. आखातातला करार दोन वर्षांचा असतो आणि तो दहा वेळा नवा होतो. जपानमध्ये तांत्रिक प्रशिक्षणार्थी म्हणून पाच वर्षांपर्यंत आणि मग २०१९ पासूनच्या विशेष कौशल्य कामगारांच्या पहिल्या श्रेणीत पाच वर्षे, अशी दहा वर्षे माणूस कुटुंबाविना घालवू शकतो, तेही सगळ्या कागदांवर 'तात्पुरता' राहून. तात्पुरतेपणाचे नाव घेऊन हक्क नाकारायचा असेल तर आधी तो माणूस खरोखर तात्पुरता असला पाहिजे.

म्हणून माझे म्हणणे एवढेच: कुटुंबाचा हक्क पगारावर तोलू नका, वर्षांवर तोला. पहिली दोन वर्षे माणूस एकटा आला तर आला. तिसऱ्या वर्षी त्याला बायको-मुलांना न्यायची मुभा हवी, मग पगार कितीही असो. घराची जबाबदारी मालकावर, कारण छावणीतली खाट आजही तोच देतो. जोडीदाराला काम करायची परवानगी द्या, म्हणजे पगार पुरत नाही हा आक्षेप निम्मा गळेल. यात मालक काय करतील हे सांगायला भविष्यवेत्ता नको. आपल्याकडे २४० दिवस भरण्याआधी कामगाराला ब्रेक देतात, तसेच दोन वर्षे भरायच्या आत त्याला घरी पाठवतील. म्हणून वर्षे मोजायची ती त्या देशातली, मालक बदलला आणि मध्ये सुट्ट्या पडल्या तरी. आणि ज्या देशाला खरेच दोन वर्षांचीच माणसे हवी आहेत त्याने ती घ्यावीत. पण दर दोन वर्षांनी तोच माणूस पुन्हा घेताना त्याला नवा म्हणू नये. जर्मन कारखानदारांना १९६४ मध्ये जे कळले ते इतर मालकांनाही कळते. शिकलेला हात त्यांना सोडायचा नसतो. ही आपल्या बाजूची ताकद आहे, आणि ती आपण आजवर वापरलेली नाही.

आता थोडे नेता येणाऱ्यांबद्दलही. अमेरिकेत एच-वन-बीवर गेलेल्या नवऱ्यामागे एच-फोरवर गेलेल्या बायकोला २०१५ च्या मेपर्यंत कामच करता येत नव्हते. तेव्हापासूनही फक्त ज्यांच्या नवऱ्याचा ग्रीन कार्डाचा अर्ज पुढे सरकला आहे अशांना करता येते. इंजिनिअर, डॉक्टर, प्राध्यापक असलेल्या कितीतरी मराठी मुलींची ऐन उमेदीची वर्षे न्यू जर्सीच्या अपार्टमेंटमध्ये गेली. ग्रीन कार्डात एका देशाला सात टक्क्यांहून जास्त वाटा नाही, म्हणून भारतीयांची रांग इतकी लांबली की तिथेच वाढलेली मुले एकविसाव्या वर्षी आईबापांच्या अर्जातून बाहेर फेकली जातात. शिवाय बायकोचा मुक्काम नवऱ्याच्या व्हिसावर टांगलेला असला की घरात हात उगारणाऱ्या नवऱ्याच्या हातात सरकारच आणखी एक हत्यार देते. ब्रिटनने आणि अमेरिकेने यावर काही पळवाटा केल्या आहेत, पण त्यांच्यापर्यंत पोचायला बाईला आधी वकील गाठावा लागतो. म्हणून कुटुंबाचा व्हिसा मागताना तो बाईच्या स्वतःच्या नावावर, स्वतःच्या मुदतीचा मागितला पाहिजे. नाहीतर आपण एका अन्यायाऐवजी दुसरा मागून घेऊ.

सौदी अरेबियाने तर २०१७ पासून कुटुंबातल्या दर माणशी महिना शुल्क लावले, शंभर रियालपासून सुरू करून २०२० पर्यंत चारशे. बायको आणि दोन मुले असतील तर वर्षाला १४,४०० रियाल. इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, नवा करताना ते एकरकमी भरायचे. कितीतरी कुटुंबे तेव्हा मुलांचे दाखले काढून परत आली. पात्र असणे आणि परवडणे यांत एवढे अंतर असते.

आईबापांचे काय, हा प्रश्न आपल्याकडे लगेच निघतो आणि बाहेरच्या कायद्यांत तो जवळजवळ नाहीच. बाळंतपणाला मुलीची आई सहा महिने, मग मुलाची आई सहा महिने, पर्यटक म्हणून. पर्यटन कसले, ती पाळणाघराची पाळी असते. कॅनडा आजी-आजोबांना लांब मुदतीचा व्हिसा देते, जर्मनीने २०२४ च्या मार्चपासून नव्या कुशल कामगारांना आईवडील आणायची मुभा दिली. बाकी बहुतेक ठिकाणी कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अज्ञान मुले.

त्या जर्मनीशी महाराष्ट्राने २०२४ मध्ये करार केला. बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याला दहा हजार कुशल कामगार पुरवण्याचा. बातम्यांत आकडा होता, क्षेत्रे होती, भाषा शिकवण्याची व्यवस्था होती. जर्मनीत जोडीदाराला पहिल्या दिवसापासून काम करता येते, ही आखातापेक्षा कितीतरी बरी जागा आहे. पण २००७ पासून तिथे सर्वसाधारण नियम असा की येण्याआधी जोडीदाराला प्राथमिक जर्मन आले पाहिजे. ब्लू कार्डवाल्या इंजिनिअरच्या बायकोला ती अट नाही. मग जर्मनचा जो वर्ग इथल्या इलेक्ट्रिशियनसाठी सुरू होतो त्यात त्याच्या बायकोलाही बसू द्यावे, तिची फीही त्याच खात्यातून जावी. तिला परीक्षेची गरज पडो वा न पडो, तिकडच्या दवाखान्यात आणि शाळेत भाषा तिलाच लागणार आहे. पगार कुटुंबाला पुरेल असे दाखवावे लागते, तर पहिल्याच नेमणूकपत्रात तसा पगार लिहून घ्यावा. हे मुंबईत बसून करता येण्यासारखे आहे, त्याला बर्लिनची परवानगी लागत नाही.

आखाताचे काम दिल्लीचे, आणि ते अवघड आहे. तिथे वाटाघाटीला बसायचे तर हातात माहिती हवी. केरळने १९९८ पासून ठरावीक वर्षांनी घरोघरी जाऊन स्थलांतराची पाहणी केली, गोव्याने २००८ मध्ये केली. रत्नागिरी, रायगड, सिंधुदुर्गात तशी सलग पाहणी सुरू करावी आणि त्यात नेहमीच्या पैशांच्या प्रश्नांबरोबर चार प्रश्न घालावेत: बाहेर कोण आहे, किती वर्षांपासून, त्याला कुटुंब न्यायची परवानगी आहे का, आणि ती असती तर तुम्ही गेला असता का? शेवटचा प्रश्न बाईला, नवरा आणि सासू समोर नसताना विचारावा. पुष्कळ जणी नाही म्हणतील, कारण घर त्यांच्या नावावर झाले आहे, बँकेचे खाते त्या चालवतात, आणि शारजातल्या दहा बाय दहाच्या खोलीत जाण्यात त्यांना काही मिळायचे नाही. काही जणी हो म्हणतील. या दोन्ही उत्तरांचे आकडे जिल्हावार हातात असतील तर कुवेतला आठशे दिनारांबद्दल काहीतरी विचारता येईल.